आयर्लंडच्या पवित्र विहिरी : श्रद्धा कोठे संपते?

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत, शेताच्या बांधाजवळ वा जुन्या दफनभूमीलगत, दगडांनी बांधून घेतलेले लहान झरे आढळतात. लोक त्यांना पवित्र विहिरी म्हणतात. त्या देशात अशा सुमारे ३००० विहिरी असून बहुतेकींना एखाद्या संताचे नाव आहे. क्लेअर परगण्यात लिस्कॅनरजवळ असलेली संत ब्रिजिडची विहीर प्रसिद्ध आहे.

संताच्या सणाला भाविक विहिरीभोवती प्रदक्षिणेच्या दिशेने फेऱ्या घालतात. प्रत्येक फेरीस 'हे आमच्या स्वर्गीय बापा' व 'नमो मरिया' म्हणतात आणि मोजणीसाठी खडे ठेवतात. कोणती विहीर डोळ्यांसाठी, तर कोणती दातदुखीसाठी गुणकारी मानली जाते. दुखऱ्या भागास लावलेली चिंधी झाडाला बांधावी. ती कुजत जाईल तसा आजार ओसरेल, अशी समजूत आहे. विहिरीत कपडे धुतले तर ती रातोरात जागा बदलते आणि तिचे पाणी चुलीवर कधीच उकळत नाही, असेही सांगतात. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकरवी वडीलधाऱ्यांकडून अशा अनेक कथा लिहून घेतल्या.

ह्या कथांना आपण हसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कॅथलिकांवर कठोर निर्बंध असताना, १७०४ च्या कायद्याने विहिरींपाशी जमणाऱ्यांस दहा शिलिंग दंड ठरविला; तो न भरल्यास फटक्यांची शिक्षा होती. तरीही लोक येत राहिले. पुढे ह्या मेळ्यांत मद्यपान व मारामाऱ्या वाढल्या, तेव्हा खुद्द धर्मगुरूंनीच अनेक मेळे बंद पाडले.

ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. केवळ बाह्य कृतीतच सामर्थ्य आहे असे मानून अंतःकरणाची वृत्ती विसरणे, ही अंधश्रद्धा होय, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २१११) सांगते. प्रभू येशूने जन्मांधास शिलोह तळ्यावर धुण्यास पाठविले. त्यास दृष्टी मात्र प्रभूने दिली.

म्हणून आजारी माणसाने औषधोपचार सोडू नयेत आणि प्रार्थनाही सोडू नये. पाणी ही खूण आहे. बरे करणारा परमेश्वर आहे.