रोप तहानलेले की गुदमरलेले?

कुंडीत कोथिंबीर पेरण्याचा खटाटोप तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. दहा-बारा दिवसांत हिरवे कोंब वर येतात. घरात आनंद होतो. जो तो येता-जाता तांब्याभर पाणी घालतो. मग एके दिवशी रोपे माना टाकतात. ‘पाणी कमी पडले वाटते,’ असे म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो आणि दोन-चार दिवसांत रोपे भुईसपाट होतात.

भरपूर पाणी असताना रोप कोमेजते कसे?

मुळांनाही हवा लागते

पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे तुम्ही शिकला आहात. मुळे मात्र अंधारात असतात. पानांकडून आलेली साखर आणि प्राणवायू वापरून ती ऊर्जा मिळवतात. म्हणजेच मुळांचेही श्वसन चालते. हा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. चांगल्या भुसभुशीत मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ्यांचीच असते. काही पोकळ्यांत पाणी, तर काहींत हवा असते.

सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की पंचाईत होते. प्राणवायू पाण्यातून पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. त्यामुळे मुळे गुदमरतात, त्यांची पाणी शोषण्याची शक्ती मंदावते आणि चिखलात उभे असलेले रोप पाण्यावाचून कोमेजते! अशा दुबळ्या मुळांना मग बुरशी कुजवते. म्हणून पाणी घालण्यापूर्वी मातीत दोन सेंटिमीटर बोट खुपसून पाहा. ओल लागली तर पाणी नको.

स्पंजचा प्रयोग

एक लांबट स्पंज पाण्यात पुरता भिजवा व न पिळता आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले, की तो हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! केशाकर्षणामुळे स्पंजच्या तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडकून राहते. आडव्या स्पंजचा बहुतेक भाग त्या उंचीतच येतो, उभ्याचा फक्त खालचा भाग येतो.

कुंडीतही हेच घडते. उथळ कुंडीतली माती जवळजवळ सगळीच चिंब राहते, खोल कुंडीत वरच्या मातीत हवा खेळते. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची चाल आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीने धरलेले पाणी खडीच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. चिंब थर तेवढा वर सरकतो व मुळांजवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवली, की पुरे.

सुरुवात कशी करावी?

दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करा. कोथिंबिरीला सोटमूळ असते, म्हणून कुंडी निदान 15 सेंटिमीटर खोल असावी व रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. न भाजलेले, नवे धने घ्या. प्रत्येक धणा हे एक फळ असून त्यात दोन बिया असतात. हलके रगडून त्याची दोन दळे वेगळी करा, रात्रभर भिजवा आणि सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरा. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून हिवाळा उत्तम.

पुदिन्याला तर बीही लागत नाही. बाजारच्या जुडीतली ताजी काडी घ्या, खालची पाने काढा आणि एक-दोन पेरे बुडतील अशी पाण्याच्या पेल्यात ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळे फुटतात. मग काडी कुंडीत लावा.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पेल्यातल्या पाण्यात मुळे गुदमरत कशी नाहीत?” प्रश्न रास्त आहे. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी बदलताना ती नव्याने मिळते. चिंब मातीत मात्र असंख्य सूक्ष्मजीवही श्वसन करीत असतात. उरलासुरला प्राणवायू ते संपवून टाकतात.

करून पाहा

सारख्या आकाराचे दोन रिकामे डबे घ्या. एकाच्या तळाला मोठ्या माणसांकडून खिळ्याने पाच-सहा भोके पाडून घ्या. दुसऱ्याला भोक नको. दोन्हींत तेच मातीचे मिश्रण भरा, वीस-वीस धने पेरा, डबे शेजारी शेजारी ठेवा आणि रोज मोजून सारखेच पाणी घाला. किती कोंब आले, केव्हा आले, हे वहीत लिहा. महिन्याने दोन्ही डब्यांतले एकेक रोप अलगद उपटून मुळे धुवा आणि त्यांची लांबी, रंग व वास यांची तुलना करा. बिनभोकाच्या डब्यात काहीच उगवले नाही, तर तीही नोंद करा आणि माती उकरून धन्यांचे काय झाले ते पाहा.

पुढच्या वेळी घरातले रोप मान टाकील, तेव्हा तांब्या उचलण्याआधी मातीला बोट लावाल ना?