हवे तेवढेच मागा



वर्गात हजेरी घेताना शिक्षकांना मुलांची नावे तेवढी लागतात. त्यासाठी कोणी प्रत्येक मुलाची संपूर्ण फाइल, म्हणजे जन्मदाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो, गठ्ठ्याने वर्गात आणीत नाही. संगणकावर मात्र असे रोज घडते, आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून खपूनही जाते. आपल्यातील अनेक तरुण आज संकेतस्थळे तयार करण्याचे काम करतात, काहीजण ते शिकत आहेत. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची शास्त्रशुद्ध मांडणी आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली केली. तक्त्यातील आडवी ओळ म्हणजे एक नोंद आणि उभा स्तंभ म्हणजे एक रकाना. हवे तेवढेच रकाने निवडून घेण्याची क्रिया त्यांच्या मांडणीतच आहे. तिला ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. एसक्यूएल भाषेत ‘सिलेक्ट’ या शब्दापुढे रकान्यांची नावे लिहिली की तेवढेच रकाने मिळतात. नावांऐवजी तारांकन लिहिले की सगळे येतात.

समजा, शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्या २,००० विद्यार्थ्यांची यादी दाखवायची आहे. नाव व इयत्ता मिळून प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे १०० बाइट पुरतात. म्हणजे सगळे मिळून २०० केबी. पण त्याच तक्त्यात प्रत्येकाचा ५० केबीचा फोटो असेल आणि आपण तारांकन लिहिले असेल, तर सुमारे १०० एमबी माहिती उचलली जाईल. हा बोजा पाचशे पटींचा झाला! अर्जाच्या शेवटच्या दिवशी गर्दी झाली की असेच संकेतस्थळ बंद पडते आणि खेड्यातल्या एखाद्या मुलाचा अर्ज राहून जातो.

फायदा कोठे होतो, हेही समजून घेतले पाहिजे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये माहिती साधारणपणे ८ केबीच्या पानांवर असते. नोंद सुमारे २ केबीपेक्षा मोठी झाली, तर तिच्यातील मोठा मजकूर दाबून लहान केला जातो किंवा वेगळ्या जागी ठेवला जातो. तो रकाना मागितला नाही, तर त्या वेगळ्या जागेकडे जावेच लागत नाही. लहान रकाने मात्र एकाच पानावर शेजारी असतात. त्यातले दोन-चार वगळून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून प्रथम मोठे रकाने शोधावेत.

जँगोसारखी साधने आपल्या वतीने एसक्यूएल लिहितात आणि काही न सांगितल्यास सगळे रकाने मागतात. तेथे ‘ओन्ली’ने हवे ते सांगता येतात, ‘डिफर’ने नको ते मागे ठेवता येतात. ही सोय २००९ सालच्या १.१ आवृत्तीपासून आहे. यात एक धोका आहे. मागे ठेवलेला रकाना पुढे पानावर वापरला, तर प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसकडे नवी फेरी होते. शंभर नावांच्या यादीला एकाऐवजी १०१ फेऱ्या! म्हणून बदलापूर्वी व बदलानंतर फेऱ्यांची संख्या आणि लागलेला वेळ दोन्ही मोजावेत.

प्रश्न केवळ वेगाचा नाही. पडद्यावर फक्त नाव दिसते, पण ब्राउझरकडे पूर्ण नोंद पाठवलेली असते, असे अनेकदा आढळते. थोडे जाणणारा कोणीही ती उघडून विद्यार्थ्याची जात, मोबाइल क्रमांक, बँक खाते वाचू शकतो. त्यामुळे डेटाबेसकडून काय मागायचे याबरोबरच बाहेर काय पाठवायचे याचीही यादी ठरवली पाहिजे. संमती घेतलेल्या कामासाठी आवश्यक तेवढीच वैयक्तिक माहिती वापरावी, हे तत्त्व आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे.

मित्रहो, या माहितीत आपल्याच भावंडांची नावे आहेत. तारांकन लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, यातले खरोखर काय हवे आहे? तेवढेच मागा, एवढेच आमचे सांगणे आहे.