काठ पाहा, पण पोतही तपासा

लुगड्याचा काठ पाहून गिऱ्हाईक थांबते. रंग टिकला तरच पुन्हा येते. पणदरे येथे कापड विकताना आम्ही हेच शिकलो. फोनलाही हीच कसोटी लावावी.

लंडनच्या 'नथिंग' कंपनीने जुलै २०२२ मध्ये 'फोन वन' आणला. पारदर्शक पाठ, त्यामागे दिव्यांच्या पट्ट्या. देखणेपणात कसूर नाही. पण पुढे-मागे काच आणि डब्यात चार्जर नव्हता, म्हणजे कव्हर-चार्जरचा खर्च वेगळा.

व्यापारी बंधूंनी असा देखणा फोन घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पैसे जमा झाल्याचे भर उन्हात वाचता येते का? फोटोत साडीचा रंग खरा उतरतो का? रंग चुकला की माल परत येतो. दुकान बंद होईपर्यंत बॅटरी पुरते का? यात फोन उतरला, तरच देखणेपणाला दाम द्यावा.