ऋण काढून सण नको
पोळा-महालक्ष्मीच्या पंगतीचा हिशेब



पोळा येतो तेव्हा शेतकऱ्याचा खिसा रिकामा असतो. मागच्या हंगामातील उसाचे पैसे खते, बियाणे, पोरांची फी आणि सोसायटीचा हप्ता यांत गेलेले असतात. नवा गळीत हंगाम सुरू व्हायला अजून दोन-अडीच महिने असतात. नेमक्या अशा वेळी पोळा आणि पाठोपाठ महालक्ष्म्या येतात. लेकी-जावई, भावकी, सालगडी मिळून पन्नास पाने सहज होतात. मग आचारी सांगितला जातो, तयार मिठाई येते आणि उसनवारी होते. "लोक काय म्हणतील" म्हणून आपण खर्च करतो. लोक जेवून जातात, व्याज मात्र आपण भरतो. संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत फिरले : कर्ज काढून सण करू नका आणि गाव घाण ठेवू नका. या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत साधतात. त्या कशा, ते पाहू.

उदाहरण लांब शोधायला नको. गोदावरीकाठच्या सरला बेटाचा, सद्गुरू गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. दर श्रावणात तो वेगळ्या गावी भरतो. २०२५ साली तो वैजापूर तालुक्यात शनिदेवगावला झाला. लाखो माणसे जेवतात, पण भाकरी एका चुलीवर होत नाही. गावोगावच्या बाया आपापल्या घरी भाकरी थापतात, त्या ट्रॅक्टर-टेम्पोने येतात आणि सप्त्याच्या जागी मोठ्या कढयांत फक्त आमटी शिजते. कोणा एकावर बोजा पडत नाही. घरोघरचा वाटा थोडा आणि पंगत मोठी, ही त्यातली मेख आहे.

हीच रीत घरच्या पंगतीला लावा. पन्नास माणसांना दोन-दोन पुरणपोळ्या धरल्या तर शंभर पोळ्या लागतात. एक किलो हरभऱ्याच्या डाळीत, तितकाच गूळ घालून, साधारण तीस पोळ्या होतात. म्हणजे साडेतीन किलो डाळ आणि साडेतीन किलो गूळ पुष्कळ झाला. पुरण एका घरी शिजवावे आणि भावकीतल्या पाच घरांनी वीस-वीस पोळ्या लाटून आणाव्यात. आचाऱ्याची मजुरी वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच घरच्या सूनबाईची कंबर मोडत नाही. पाणी भरणे, वाढणे आणि भांडी उचलणे ही कामे पुरुषमंडळींनी घ्यावीत. त्यात कमीपणा नाही.

डाळ तीन-चार तास भिजवून मग शिजवली तर सरपण आणि गॅस दोन्ही वाचतात. तिचे वरचे पाणी, म्हणजे येळवणी, ओतून देऊ नका. त्याचीच कटाची आमटी होते. तिच्यासाठी वेगळी डाळ लागत नाही. भाज्या बांधावरच्या घ्याव्यात. श्रावण-भाद्रपदात भोपळा, दोडका, गवार, कारले घरचेच असते. महालक्ष्मीच्या सोळा भाज्यांतही बऱ्याचशा आपल्याच शिवारातल्या आहेत. बाजारातून महागडे पनीर आणल्याने देवी जास्त प्रसन्न होते असे नाही.

वाढण्याचीही एक रीत आहे. पहिल्यांदा अर्धीच पोळी वाढावी, मग आग्रह करावा. पान भरून टाकले की अन्न उष्ट्यात जाते. वाढपी जाणता असला की अन्न वाया जात नाही आणि माणूस उपाशीही उठत नाही.

आता पंगत उठल्यानंतरचे. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ सालापासून बंदी आहे आणि प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी ती उकिरड्यावर अजून दिसतात. ती कुजत नाहीत. वाऱ्याने उडून रानात जातात आणि उष्ट्याच्या वासाने गुरे ती खातात. कचऱ्याचे काय होते हे आपल्या जिल्ह्याने सोसले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात रस्तोरस्ती ढीग लागले होते. आपल्या गावाला तर कचऱ्याची गाडीच नसते. आपण टाकतो ते आपल्याच शिवारात राहते.

म्हणून शक्य तिथे स्टीलची ताटे वापरावीत. अनेक गावांत देवळाची किंवा बचत गटाची भांडी थोड्या भाड्याने मिळतात. ती राखेने घासावीत आणि धुण्याचे पाणी केळी-नारळाच्या आळ्यात सोडावे. पाण्याची ओढ असेल तर पळसाच्या पत्रावळी किंवा केळीची पाने घ्यावीत. उसाच्या बगॅसपासून दाबून केलेली ताटेही आता मिळतात. शंभर टन ऊस गाळला की साधारण अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतो आणि बॉयलरमध्ये जळतो. त्याच्याच लगद्याची ही ताटे, म्हणजे आपल्याच उसावर आपण जेवल्यासारखे आहे. पत्रावळी काय किंवा ही ताटे काय, खड्ड्यात पाचट आणि शेणकाल्याच्या थरात टाकली की त्यांचे खत होते. मात्र वरून चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा असलेली पत्रावळ घेऊ नका, तो पापुद्रा कुजत नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. उरलेला भात, पुरण, पोळ्या घमेलेभर जनावरापुढे ओतू नका. बैलाला नैवेद्याची पोळी चारणे वेगळे आणि पोटभर शिळे घालणे वेगळे. असे अन्न जनावराच्या पोटात झपाट्याने आंबते, आम्ल तयार होते, रवंथ बंद पडते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. ज्याचा सण, त्याच्याच जिवावर असे उठू नये. गोठ्यातला दुष्काळ एका पोळ्याने भरून निघत नाही. उरलेले चांगले अन्न त्याच संध्याकाळी शेजारी, वाडीवर वाटून द्यावे. उष्टे खताच्या खड्ड्यात पाचटाखाली झाकावे. जनावराने चुकून जास्त खाल्ले आणि ते सुस्त दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावे.

थोडक्यात, माणसे मोजून डाळ घ्या, पोळ्या वाटून लाटा, मातीत जिरेल अशा पानावर वाढा आणि उरलेले गोठ्यात ओतू नका. पाहुणा तृप्त होऊन जावा आणि दुसऱ्या दिवशी घरात देणे नसावे, उकिरड्यावर प्लास्टिक नसावे. यंदाचा पोळा असा करून पाहावा, ही सर्व सभासदांना विनंती.