विषय शोधावा कसा?

महाविद्यालयात गेल्यावर विद्यार्थ्यास एखाद्या विषयाचा स्वतः शोध घेऊन लहानसा प्रबंध लिहावा लागतो. लेखनाचे श्रम पुढचे. पहिली अडचण येते ती विषय निवडताना. पुष्कळजण ‘पक्षी’ किंवा ‘मराठ्यांचा इतिहास’ असा विषय मनात धरून ग्रंथालयात शिरतात आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे पाहून गांगरून जातात. नेमके काय शोधावयाचे हेच ठरलेले नसल्यामुळे अखेरीस दहा पुस्तकांतील उतारे एकत्र होतात, एवढेच.

डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीतील शिक्षण संपवून मुंबईस परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची घरटी होती. जगातील सारे पक्षी सोडून त्यांनी हाच एक पक्षी घेतला आणि त्याच्या घरटे बांधण्याच्या रीतीचे दिवसचे दिवस निरीक्षण केले. त्यांना काय आढळले? घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले, की माद्या येऊन पारख करतात. एखादीस ते पसंत पडले, तर ती तेथे राहते. नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. (आणि आपण मात्र या पक्ष्यास नाव दिले ‘सुगरण’!) हा शोध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पक्षी एक, ठिकाण एक, आणि प्रश्नही एकच. असा विषय आवाक्यात राहतो. मात्र प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असता कामा नये. नाहीतर शोध तो कसला?

समजा, एखाद्या विद्यार्थ्यास ‘व्यापार’ या विषयाची गोडी आहे. त्याने असे विचारावे : आमच्या गावच्या आठवडी बाजारात गेल्या पन्नास वर्षांत कोणता माल येईनासा झाला, आणि का? याचे उत्तर वृद्ध व्यापाऱ्यांस विचारता येते, ग्रामपंचायतीच्या दप्तरातही पाहता येते. कधी दप्तर वाळवीने खाल्लेले निघते, आजोबांच्या आठवणीही एकमेकांशी जुळत नाहीत. मग पन्नास वर्षे सोडून वीसच वर्षांचा प्रश्न घ्यावा लागतो.