भेट कशी द्यावी?



दसरा पार पडला कीं दिवाळीची चाहूल लागते, आणि दिवाळी जवळ आली कीं आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतून एका यादीवर खल सुरू होतो. कचेरींतल्या साहेबांस काय द्यावें, शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्यास काय द्यावें, जुन्या मित्राकडे रिकाम्या हातानें जावें कीं नाहीं, असे ते प्रश्न असतात. बहुधा या चर्चेचा शेवट गृहिणीनें कपाट उघडण्यांत होतो. त्या कपाटांत गेल्या वर्षीं आलेले पेले, न वापरलेली चादर, एखादी मुलामा दिलेली गणेशमूर्ति अशा वस्तु असतात, आणि "हेंच पुढें देऊं या" असें ठरतें. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं दिलेला फुलदाण्यांचा जोड चार घरें हिंडून पुन्हां त्यांच्याच घरीं आला. आंत त्यांनीं स्वहस्तें लिहिलेली चिठ्ठी जशीच्या तशी होती! या गोष्टीस आपण हंसतों. परंतु चार घरांपैकीं एकाही घरीं ती पेटी उघडून पाहावी असें कोणास वाटलें नाहीं, ही गोष्ट मात्र हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं.

आपल्या मराठी भाषेनें देण्याच्या निरनिराळ्या प्रकारांस निरनिराळीं नांवें देऊन ठेविलीं आहेत. लग्नमुंजींत देतात तो आहेर. तो पुढें फेडावयाचा असतो, म्हणून त्याची वही ठेवण्याची चाल घरोघर होती. भाऊ बहिणीस घालतो ती ओवाळणी. संक्रांतीस सुवासिनी लुटतात तें वाण. धाकट्यानें थोरापुढें ठेवावयाचा तो नजराणा, आणि थोरानें धाकट्यास द्यावयाचें तें बक्षीस. परतफेडीची आशा न धरतां द्यावयाचें तें दान. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें लक्षण सांगतांना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार सांगितलेला आहे. काम करून घेण्यासाठीं मेजाखालून सरकवितात ती लांच. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे भेट. दोन माणसें एकमेकांस भेटतात तीही भेट, आणि एकानें दुसऱ्यास प्रेमानें दिलेली वस्तु तीही भेटच. वस्तु हातीं पडतांच देणारा मनुष्य जणूं समोर उभा राहिला पाहिजे, ही अपेक्षा या शब्दांतच सांठविलेली आहे. त्या चार घरीं फुलदाण्या पोंचल्या. पण माणसें एकमेकांस भेटलीं नाहींत.

भेटीला आणखी एक बाजू आहे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १९२५ सालीं भेटीवर एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या समाजांच्या चालीरीतींचा अभ्यास करून त्यानें असें दाखविलें कीं, वरकरणीं भेट स्वेच्छेची दिसली तरी तिच्या पोटीं तीन बंधनें असतात: देण्याचें, स्वीकारण्याचें आणि परत करण्याचें. आपल्या आजीबाईंस हें निबंधावांचूनच ठाऊक होतें. शेजारणीचा डबा त्या कधीं रिकामा परत करीत नसत, त्यांत चार साखरफुटाणे तरी घालीत. बरोबरीच्या माणसांत हें बंधन गोड असतें, त्यानें स्नेह वाढतो. परंतु दोघांपैकीं एकाच्या हातीं दुसऱ्याची बढती, बदली किंवा नोकरी असेल, तर तेंच बंधन जाचक होतें. म्हणून वरिष्ठांस भेट देण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. इंग्रजी अमदानींत नाताळांत साहेबाच्या बंगल्यावर फळफळावळीची डाली पाठवीत. ती साहेबाच्या प्रेमापोटीं जात होती, असें कोणी म्हणणार नाहीं.

या बाबतींत माझा स्वतःचा अनुभव सांगतों. तो मला भूषणावह नाहीं, तरी सांगतों. २०११ सालीं माझ्या कन्येचें लग्न झालें. त्या वेळीं मी एका प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतों. सहकाऱ्यांनीं वर्गणी काढून चांदीचें ताट आहेर म्हणून आणलें, आणि मीं तें आनंदानें घेतलें. पुढें कांहीं महिन्यांनीं शाळेंतले जुने कागद आवरीत असतां त्या वर्गणीची यादी माझ्या हातीं पडली. सर्व नांवांपुढें सारखीच रक्कम होती, एक हजार रुपये. शेवटचें नांव एका तरुण शिक्षणसेवकाचें होतें. शिक्षणसेवकास पहिलीं तीन वर्षें पूर्ण वेतन नसतें; अल्प मानधनावर काम करावें लागतें. त्याचें तें मानधनही त्या सुमारास कित्येक महिने थकलेलें होतें, आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणास नसली तरी मला पक्की ठाऊक होती, कारण त्याच्या मागणीचीं पत्रें माझ्याच सहीनें वर जात होतीं. त्याच्या कामाविषयींचा अहवालही माझ्याच सहीनें जावयाचा होता. मग त्या बिचाऱ्यानें "नाहीं" कसें म्हणावें? ते हजार रुपये त्यानें कोठून आणले, हें विचारण्याचा मला धीर झाला नाहीं. ताट अद्याप घरीं आहे. सणावारीं तें बाहेर निघतें, तेव्हां मी दुसरें मागून घेतों.

त्यानंतर शाळेंत मीं एक रिवाज घातला. वर्गणीचा कागद फिरवावयाचा नाहीं. शिक्षकांच्या खोलींत एक मातीचें मडकें ठेवावयाचें. ज्यास जें वाटेल तें त्यानें त्यांत टाकावें, कोणी किती टाकलें याची नोंद नाहीं. जमेल तेवढ्यांत वस्तु घ्यावी, आणि सोबतच्या पत्रावर सह्या मात्र सर्वांच्या असाव्यात. मुख्याध्यापकाच्या घरच्या कार्यासाठीं तें मडकें मांडावयाचें नाहीं, हा दुसरा नियम. ज्या कचेरींत अशी वर्गणी चालते, तेथील वरिष्ठांनीं पहिल्याच वर्षीं "माझ्यासाठीं नको" असें स्पष्ट सांगावें, अशी माझी विनंती आहे. खालच्यास तें सांगतां येत नाहीं.

सरकारी नोकरांविषयीं तर लिखित नियमच आहेत. केंद्र सरकारच्या सेवकांसाठीं १९६४ सालीं जे वर्तणूक नियम झाले, त्यांत लग्न, वाढदिवस, धर्मकृत्य अशा प्रसंगीं जवळचे आप्त, किंवा ज्यांचा कचेरीच्या कामाशीं संबंध नाहीं असे खासगी स्नेही, यांच्याकडून रीतीप्रमाणें भेट घेण्यास मुभा आहे. मात्र ठराविक मर्यादेपलीकडील भेट सरकारास कळवावी लागते. फुकट प्रवास किंवा फुकट राहण्याजेवण्याची सोय हीही भेटच समजली जाते. सहज घडलेलें एखादें जेवण मात्र त्यांतून वगळलेलें आहे. खासगी कंपन्यांतही पुष्कळ ठिकाणीं असे नियम असतात. ते आधीं विचारून घ्यावे.

मग साहेबांस कांहींच देऊं नये काय? द्यावें; पण काळ आणि वस्तु पाहून द्यावें. बढतीचा निर्णय टांगलेला असतांना देऊं नये. बदली किंवा सेवानिवृत्ति होऊन ते निघाले म्हणजे द्यावें. एकट्यानें न देतां सर्वांनीं मिळून द्यावें. घरचे बेसनाचे लाडू न्यावयाचे तर ते साहेबांच्या खोलींत न नेतां सर्वांच्या मेजावर ठेवावे. आणि खरोखरीच कृतज्ञता वाटत असेल तर एक पत्र लिहावें. "आपण थोर आहांत" असें लिहूं नये. "अमुक प्रसंगीं माझी चूक आपण चारचौघांत न दाखवितां खोलींत बोलावून दाखविलीत, तें मी विसरलों नाहीं" असें लिहावें. असें पत्र दुसऱ्या कोणास पुढें देतां येत नाहीं.

सहकाऱ्यांस भेट देतांना दोन पथ्यें पाळावीं. एक म्हणजे, समोरच्यास सहज फेडतां येईल एवढ्याच किंमतीची वस्तु द्यावी. दुसरें, त्याच्या खाण्यापिण्याच्या आणि प्रकृतीच्या चालीरीति ध्यानांत घ्याव्या. जैन सहकाऱ्यास लसणाचा चिवडा आणि मधुमेह्यास पेढ्यांचा डबा देणारा मनुष्य कृपण नसतो; त्यानें इतकीं वर्षें शेजारीं बसून समोरच्याच्या डब्याकडे पाहिलेलें नसतें, इतकेंच. अत्तर, कपडे यांसारख्या अंगाशीं लागणाऱ्या वस्तु फार निकटच्या माणसांसाठीं ठेवाव्या. घरीं आजारपण असलेल्या सहकाऱ्यास चार दिवस जेवणाचा डबा पोंचविणें ही भेट दिवाळीच्या कोणत्याही पेटीहून मोठी आहे.

हाताखालच्या माणसांविषयीं एकच सांगतों. त्याचा जो हक्क आहे तो भेट म्हणून देऊं नये. कामगाराचा बोनस हा त्याचा हक्क. घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंचा ठरलेला दिवाळीचा पगारही तसाच. तो वेळेवर द्यावा, आणि भेट त्याहून निराळी द्यावी. जुनें लुगडें किंवा विटलेला सदरा द्यावयाचा असेल तर विचारून द्यावा, पण त्यास भेट म्हणूं नये.

वस्तूवांचूनही भेट देतां येते, हें मला आमच्या शाळेच्या लिपिकांनीं शिकविलें. २०१४ सालीं आमचे शिपाई निवृत्त झाले. मडक्यांत जमलेल्या पैशांत रिवाजाप्रमाणें शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचें घड्याळ आणलें. ज्यांनीं तीस वर्षें घड्याळाकडे पाहून घंटा दिली, त्यांस आम्हीं पुन्हां घड्याळच दिलें! लिपिकांनीं मात्र त्या आधींचे कित्येक रविवार खर्चून शिपाईबुवांच्या निवृत्तिवेतनाचे सारे कागद जमविले होते. जन्मतारखेंतली जुनी चूक, पत्नीच्या नांवांतला फरक, सर्व त्यांनीं निस्तरलें. सर्व कागदांच्या प्रती एका जाड पाकिटांत घालून वर मोठ्या अक्षरांत लिहिलें: "दर नोव्हेंबरांत बँकेंत जाऊन हयातीचा दाखला देणें." शिपाईबुवा कोंकणांत आपल्या गांवीं गेले. पुढें एकदां मी त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां घड्याळ बंद पडलेलें दिसलें. तें पाकीट मात्र देवघराच्या फळीवर ठेवलेलें होतें.

आतां मित्रांविषयीं. मित्रास काय हवें हें ओळखतां येत नाहीं, अशी तक्रार पुष्कळांची असते. ओळखण्याचा काळ दिवाळीचा आठवडा नव्हे. त्यासाठीं सारें वर्ष असतें. बोलतां बोलतां मित्र म्हणतो, "लहानपणीं अमुक पुस्तक वाचलें होतें, पुन्हां मिळालें नाहीं." त्याच रात्रीं तें टिपून ठेवावें. मजजवळ यासाठीं एक छोटी वही आहे. आणि सुचलेंच नाहीं तर सरळ विचारावें, त्यांत कमीपणा नाहीं. वाचणाऱ्या घरास मासिकाची वर्गणी भरून द्यावी, किंवा दिवाळी अंक द्यावा. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं "मनोरंजन" मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही भेट मराठी माणसाच्या खास अंगवळणीं पडलेली आहे.

किंमतीविषयींही दोन शब्द सांगतों. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९९३ सालीं, नाताळांत आलेल्या भेटींचें मोल विद्यार्थ्यांस काय वाटतें, याचा हिशेब प्रसिद्ध केला. दुकानांत मोजलेल्या किंमतीहून तें एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरलें. मात्र भावनेचें मोल वगळून सांगा, असें त्यानें विद्यार्थ्यांस आधींच बजावलें होतें. म्हणजे भावना वगळली तर भेट हा तोट्याचाच व्यवहार ठरतो, असें त्यावरून म्हणावें लागेल. पुढें २००९ सालीं फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांस असें आढळलें कीं, वस्तु महाग असली तर ती अधिक आवडेल असें देणाऱ्यास वाटतें. घेणाऱ्याची आवड मात्र किंमतीबरोबर वाढत नाहीं. मध्यमवर्गीय माणसास याहून मोठा दिलासा कोणता?

भेट देतांना किंमतीची चिठ्ठी काढून टाकावी आणि दोन ओळी हातानें लिहाव्या. पुढें त्या घरीं गेल्यावर आपली वस्तु कोठें दिसते का, हें डोळ्यांनीं शोधूं नये. आणि घेणाऱ्यानें "कशाला उगीच?" असें म्हणून देणाऱ्याचा हात अर्ध्यांत अडवूं नये; पेटी उघडून पाहावी.

माझ्या सेवानिवृत्तीच्या वेळीं व नंतर मिळून मला पांच भिंतीवरचीं घड्याळें मिळालीं. पांचही आज निरनिराळी वेळ दाखवितात. त्याच सुमारास एका मित्रानें मला एक लेखणी दिली. माझ्या बोटांचे सांधे धरूं लागल्यामुळें मीं पत्रें लिहिणें सोडलें आहे, हें मीं कोणास सांगितलें नव्हतें. माझीं पत्रें येईनाशीं झालीं, त्यावरून त्यानें तें ताडलें, आणि चार दुकानें हिंडून जाड दांडीची, बोटांस न रुतणारी लेखणी शोधून आणली. ती त्या घड्याळांपैकीं कोणत्याही घड्याळाहून स्वस्त होती. आजचें हें भाषण मीं तिनेंच लिहिलें आहे, आणि प्रत्येक ओळीस तो मित्र मला भेटला आहे.

यंदा यादी करावयास बसाल, तेव्हां "काय द्यावें?" हा प्रश्न थोडा मागें ठेवा. "या माणसाविषयीं मला काय ठाऊक आहे?" हें आधीं लिहून काढा. त्या रकान्यांत कांहींच लिहितां आलें नाहीं, तर वस्तु घेण्यापूर्वीं एकदां त्यास भेटून या.