जामीन मिळाला, पण कोणत्या अटींवर?

खुनाच्या आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी आली की मृताच्या घरातली माणसं एकच विचारतात : म्हणजे तो सुटला का? सुटला नाही. खटला चालूच राहतो, साक्षी होतात आणि गुन्हा शाबीत झाला तर जन्मठेपही होते. तोवर आरोपीने तारखांना हजर राहावे, पळून जाऊ नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, यासाठी न्यायालय अटी घालते. खरा आदेश या अटींतच असतो.

खून हा अजामीनपात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ प्रमाणे त्याला फाशी किंवा जन्मठेप आहे. जामिनासाठी आरोपी सहसा सत्र न्यायालयात आणि मग उच्च न्यायालयात जातो. प्रथमदर्शनी पुरावा, आरोपीची नेमकी भूमिका, आधीचे गुन्हे आणि साक्षीदार फोडले जाण्याची शक्यता, या गोष्टी तिथे तपासल्या जातात. पोलिसांनी ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर मात्र खुनाच्या आरोपीलाही जामीन हक्काने मागता येतो.

अटींचे महत्त्व लखीमपूर खेरी प्रकरणात स्पष्ट दिसले. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी उत्तर प्रदेशातील या जिल्ह्यात शेतकरी आंदोलकांवर गाड्या घातल्या गेल्या. ती घटना आणि त्यानंतरचा हिंसाचार यांत चार शेतकरी व एका पत्रकारासह आठ जणांचा जीव गेला. तत्कालीन केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांचे पुत्र आशिष मिश्रा यांच्यावर खुनाचा आरोप आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तो रद्द केला, कारण मृतांच्या कुटुंबीयांना आपली बाजू नीट मांडता आली नव्हती. पीडितांना जामिनाच्या टप्प्यावरही ऐकले पाहिजे, हे त्या निकालाने ठामपणे सांगितले.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आठ आठवड्यांचा अंतरिम जामीन दिला. दोनशेहून अधिक साक्षीदारांचा खटला संपायला पाच वर्षे लागू शकतात, असा अंदाज खालच्या न्यायालयाने कळवला होता. मात्र अटी कडक होत्या. सुटकेनंतर आठवड्याभरात उत्तर प्रदेश सोडायचे आणि दिल्लीतही राहायचे नाही. पासपोर्ट जमा करायचा, राहण्याचा पत्ता कळवायचा, पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. आरोपीने, त्याच्या कुटुंबीयांनी किंवा समर्थकांनी साक्षीदारांना धमकावले, तर जामीन रद्द. याच घटनेतल्या दुसऱ्या गुन्ह्यात अटकेत असलेल्या चार शेतकऱ्यांनाही न्यायालयाने स्वतःहून अंतरिम जामीन दिला. जुलै २०२४ मध्ये मिश्रा यांचा जामीन अटींसह कायम झाला. बळ असलेल्या आरोपीला साक्षीदारांच्या गावापासून लांब ठेवणे, हा या अटींचा गाभा होता आणि तो योग्यच होता.

पण अटींनाही मर्यादा हवी. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची हमी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली गेली. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. तो खटला खुनाचा नव्हता, तरी तत्त्व सर्वांना लागू आहे : गरिबाला पेलणार नाही अशी अट म्हणजे जामीन नाकारणेच. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले, की आरोपीच्या मोबाइलवरून पोलिसांना त्याच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही. खटल्याशी नाते नसलेली अट म्हणजे निकालाआधीची शिक्षा होते.

अटी कागदावर राहिल्या, तर त्या कुणाचेच रक्षण करत नाहीत. म्हणून मृताच्या कुटुंबीयांनी जामीन आदेशाची प्रत मिळवावी आणि वकिलाकडून प्रत्येक अट समजून घ्यावी. आरोपी बंदी असलेल्या गावात दिसला किंवा त्याच्या माणसांकडून धमकी आली, तर लेखी तक्रार करावी आणि सरकारी वकिलांना कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली सत्र व उच्च न्यायालयाला जामीन रद्द करून आरोपीला पुन्हा अटक करवता येते. साक्षीदारांना संरक्षण हवे असेल, तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. घाबरून गप्प बसू नका. हे अर्ज करणे हा तुमचा हक्क आहे.